महाकाय मूळ संख्यांचा शोध घरच्या संगणकावर: मेमरी नीट लावा, वेळ आणि वीज दोन्ही वाचवा

ज्या संगणकावर मी महाकाय मूळ संख्या शोधतो, त्याच्या कॅबिनेटचं झाकण मी उघडलं होतं ते धूळ झाडायला. आत पाहिलं तर मदरबोर्डच्या चार खाचांपैकी एकाच खाचेत १६ जीबीची एक रॅमपट्टी बसवलेली. मशीन घेताना मी दुकानात ‘१६ जीबी रॅम’ एवढंच सांगितलं होतं आणि त्यांनी मोजून तेवढीच दिली होती. दुसऱ्या दिवशी त्याच जातीची आणखी एक पट्टी आणून लावली. तोवर ज्या गणिताच्या एका फेरीला १०.४ मिलिसेकंद लागत होते, ती ५.६ मिलिसेकंदांत होऊ लागली. प्रोसेसर तोच, सॉफ्टवेअर तेच, तपासायची संख्याही तीच. तेरा दिवसांचं काम सात दिवसांवर आलं.

म्हणूनच हा लेख मेमरीभोवती फिरतो. मूळ संख्यांच्या शोधात नव्याने येणारा माणूस आधी कोअर किती आणि गिगाहर्ट्झ किती हे विचारतो. पण या कामात प्रोसेसर बराच वेळ आकडे येण्याची वाट पाहत बसलेला असतो. ती वाट कमी कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

काम नेमकं काय आहे

‘ग्रेट इंटरनेट मर्सेन प्राइम सर्च’ म्हणजे जिम्प्स. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. जगभरातले स्वयंसेवक आपापल्या संगणकांवर २^प − १ या रूपातल्या संख्या तपासतात. या झाल्या मर्सेन संख्या. इथे प हा घातांक स्वतः मूळ संख्या असतो. सध्या माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या याच प्रकल्पातून मिळाली आहे. तिचा घातांक १३,६२,७९,८४१ आणि अंकसंख्या ४,१०,२४,३२०. ल्यूक ड्युरंट यांनी ढगातल्या, म्हणजे क्लाउडवरच्या ग्राफिक्स कार्डांवर ती ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधली. डब्लिनमधल्या एका ए-१०० कार्डाने ती मूळ असावी असं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी सॅन अँटोनिओमधल्या एच-१०० कार्डाने ते पक्कं केलं.

एका संख्येच्या वाटेवर तीन टप्पे असतात. पहिला म्हणजे छोटे विभाजक थेट भागून पाहणं, म्हणजे ट्रायल फॅक्टरिंग. दुसरा, ‘पी वजा एक’ पद्धतीने जरा मोठा विभाजक सापडतो का ते पाहणं. दोन्हीतून निसटली तरच तिसरी, खरी मोठी परीक्षा. तिला पीआरपी म्हणतात. ३ घ्यायचा, त्याचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग, असं प वेळा करायचं आणि प्रत्येक वेळी २^प − १ ने भागून बाकी ठेवायची. हे एकदा करणं म्हणजे एक फेरी.

या तिघांची मेमरीकडची मागणी अगदी वेगवेगळी आहे. ट्रायल फॅक्टरिंगला मेमरी जवळपास लागतच नाही. पीआरपीला मेमरी थोडीच लागते, पण ती वेगवान हवी. पी वजा एक मात्र जितकी द्याल तितकी घेते. हा फरक एकदा लक्षात आला की पुढच्या सेटिंगा का करायच्या ते आपोआप कळतं.

पायरी पहिली: कागदावर हिशेब करा

उदाहरणाला घातांक ११ कोटी धरू. एवढ्या मोठ्या संख्येचा वर्ग शाळेतल्या पद्धतीने होत नाही, तो एफएफटीने, म्हणजे फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मने केला जातो. संख्या तोडून तिचे तुकडे दशांश चिन्हाच्या आकड्यांत ठेवतात आणि एका तुकड्यात साधारण १८ बिट बसतात. ११ कोटी भागिले १८ म्हणजे सुमारे ६१ लाख तुकडे. प्रत्येक तुकड्याला ८ बाइट, म्हणजे एकूण ४८ एमबीच्या आसपास. साध्या घरगुती प्रोसेसरच्या एल-३ कॅशमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत, हे मावत नाही. माझ्या सहा कोअरच्या प्रोसेसरला १२ एमबी एल-३ आहे.

मग काय होतं? प्रत्येक फेरीत हा सगळा ढीग रॅममधून दोनदा आत आणावा लागतो आणि दोनदा परत ठेवावा लागतो. जिम्प्सचा प्राइम-९५ हा प्रोग्राम ही ने-आण दोन खेपांत बसवण्यासाठी फार कसोशीने लिहिलेला आहे, त्याहून कमी करणं अवघडच. चार गुणिले ४८ म्हणजे जवळपास १९२ एमबी, आणि ही फक्त एका फेरीची वाहतूक. अशा ११ कोटी फेऱ्या करायच्या आहेत.

आता रॅमचा वेग पाहा. डीडीआर-४ २६६६ ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी देते. १९२ एमबी त्यातून जायला ९ मिलिसेकंद लागतात. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वेगळ्या रस्त्यांवर, असतील तर ४.५ मिलिसेकंद. माझे १०.४ आणि ५.६ हे आकडे याच हिशेबाच्या थोडे वर आहेत, कारण कागदावरचा कमाल वेग प्रत्यक्षात कधीच पूर्ण मिळत नाही. तुमच्या मशीनचा आकडा असाच काढा आणि कागदावर लिहून ठेवा. प्रत्यक्षातली फेरी त्याच्या दुप्पट वेळ घेत असेल तर कुठेतरी सेटिंग चुकली आहे असं समजा.

पायरी दुसरी: पट्ट्या कुठे आहेत ते पाहा

विंडोजवर सीपीयू-झेड नावाच्या फुकट प्रोग्रामात मेमरीच्या पानावर चॅनेल किती ते दिसतं. डीडीआर-४ असेल तर तिथे ‘ड्युअल’ हवं. डीडीआर-५ मध्ये गोंधळ होतो, कारण तिथे एकाच पट्टीत ३२ बिटचे दोन उपचॅनेल असतात. एकच पट्टी लावली तरी तिथे दोनचा आकडा दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. डीडीआर-५ वर चार गुणिले ३२ दिसायला हवं.

चार खाचांच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. शेजारीशेजारी बसवल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दोन पट्ट्यांचे पैसे देऊनही एकीचाच वेग मिळतो. मदरबोर्डच्या पुस्तिकेत याचं चित्र असतं, ते एकदा नक्की पाहा.

त्यानंतर बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत, जा. पट्टीवर ३२०० किंवा ६००० लिहिलेलं असलं तरी एक्सएमपी किंवा एक्स्पो हे प्रोफाइल चालू केल्याशिवाय ती बहुतेक वेळा कमी वेगानेच चालते. वेग त्याहून वर हाताने ओढू नका, का ते पाचव्या पायरीत सांगतो.

नवीन मशीन घेणार असाल आणि याच कामाचा विचार असेल, तर रायझन ५८००-एक्स-३डी किंवा ७८००-एक्स-३डी यांच्यासारखे ९६ एमबी एल-३ असलेले प्रोसेसर पाहा. ४८ एमबीचा ढीग त्यात मावतो, रॅमची वाट पाहावी लागत नाही. जुनं मशीन असेल तर दुसरी पट्टी लावून भागत असताना प्रोसेसर बदलायच्या मागे लागू नका.

पायरी तिसरी: वर्कर किती ठेवायचे

प्राइम-९५ मध्ये, लिनक्सवर असाल तर एमप्राइममध्ये, एका वर्करकडे एक घातांक असतो. सहा कोअर म्हणून सहा वर्कर लावावेत असं वाटतं. पण सहा वर्कर म्हणजे ४८ एमबीचे सहा ढीग, आणि ते सगळे एकाच रॅमच्या दारात रेटारेटी करणार. सहाही कोअर एकाच घातांकाला जुंपले तर ढीग एकच राहतो.

माझ्या मशीनवर सहा वर्करना मिळून सेकंदाला १६५ फेऱ्या होत होत्या, एका वर्करला १७८. फरक फार मोठा नाही. पण एकाच वर्करमध्ये निकाल आठवड्यात हातात येतो, सहा वर्करांत दीड महिना काहीच दिसत नाही. मध्येच मशीन बंद पडलं तर सहा घातांक अर्धवट राहतात. तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, म्हणून प्रोग्राममधलं थ्रूपुट बेंचमार्क, म्हणजे एकूण वेग मोजणारी चाचणी, स्वतः चालवा. एक वर्कर, दोन वर्कर आणि कोअरइतके वर्कर, असे तीनच प्रयोग पुरतात. त्या वेळी ब्राउझर बंद ठेवा. व्हिडिओ चालू असताना घेतलेलं बेंचमार्क काही कामाचं नाही.

हायपरथ्रेडिंगचे जादा धागे पीआरपीला देऊ नका. खऱ्या कोअरनीच रॅमचा रस्ता भरलेला असतो, जादा धाग्यांनी फक्त उष्णता वाढते.

पायरी चौथी: पी वजा एक, आणि त्याला हवी असलेली जागा

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण मला ही पद्धत सगळ्यांत सुंदर वाटते आणि सर्वांत जास्त लोक हीच सेटिंग तशीच सोडून देतात.

जॉन पोलार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या या पद्धतीचं सार असं: विभाजक क असेल, तर क ऐवजी क − १ कडे पाहा. क − १ चे सगळे अवयव लहान असतील, तर क कितीही मोठा असला तरी तो सापडतो.

२^६७ − १ ही संख्या घ्या. ज्यांच्या नावाने या संख्या ओळखल्या जातात त्या मर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ म्हणून यादीत टाकली होती. १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोल यांनी तिचे अवयव मांडले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. त्या काळी हाताने केलेलं हे काम फार कष्टाचं होतं. आता पहिल्या अवयवातून एक वजा करा. १९,३७,०७,७२० = ८ × २७ × ५ × ६७ × २६७७. यातला ६७ आपल्याला फुकट मिळतो, कारण मर्सेन संख्येच्या प्रत्येक विभाजकातून एक वजा केला की घातांकाने भाग जातोच. उरले ८, २७, ५ आणि एकटा मोठा २६७७. म्हणजे पहिल्या भागाची मर्यादा, जिला बी-१ म्हणतात, ती ३० ठेवली आणि दुसऱ्या भागाची मर्यादा, बी-२, २७०० ठेवली, तरी हा नऊ अंकी विभाजक हाती येतो. आजचा कोणताही संगणक हे डोळ्याची पापणी लवायच्या आत करतो.

पहिला भाग बी-१ पर्यंतचे अवयव पाहतो, त्याला मेमरी फारशी लागत नाही. दुसरा भाग बी-१ आणि बी-२ यांच्या मधला एक मोठा अवयव पकडतो, २६७७ सारखा. मधल्या प्रत्येक मूळ संख्येसाठी वेगळा हिशेब करणं परवडत नाही. म्हणून काही घात आधीच काढून मेमरीत मांडून ठेवतात आणि त्यांच्या जोड्या लावत पुढे जातात. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा आठवा. वाट्या जितक्या जास्त, तितक्या फडताळाकडच्या खेपा कमी. फक्त इथे एकेक वाटी ४८ एमबीची आहे.

प्राइम-९५ बसवल्यावर या भागासाठी मेमरीची मर्यादा ०.३ जीबी असते. म्हणजे जेमतेम सहा वाट्या. ८ जीबी दिली की १७० वाट्या होतात. आवृत्ती ३०.८ पासून दुसरा भाग नव्या पद्धतीने लिहिला आहे आणि भरपूर मेमरी असेल तर तो आधीपेक्षा कितीतरी पुढच्या बी-२ पर्यंत जातो. त्यामुळे ही मर्यादा तशीच ठेवणं म्हणजे घरात तांदूळ असून उपाशी राहणं.

काय करायचं: ऑप्शन्स या मेनूत रिसोर्स लिमिट्स उघडा. दिवसाची आणि रात्रीची मेमरी वेगळी देता येते. १६ जीबी असेल तर दिवसा ६ आणि रात्री १२ द्या. ३२ जीबी असेल तर दिवसा १६, रात्री २६. सगळी देऊ नका. विंडोजला जागा उरली नाही की ती मेमरीतला मजकूर डिस्कवर टाकायला लागते, आणि मग दुसरा भाग इतका मंदावतो की ०.३ जीबी बरी म्हणायची वेळ येते. एकापेक्षा जास्त वर्कर असतील तर एका वेळी एकाच वर्करला जास्त मेमरी मिळेल असं ठेवा. अर्धी अर्धी वाटून घेतल्याने दोघांचंही नुकसान होतं.

शंभर घातांकांमागे साधारण तीन ते पाच घातांक या पद्धतीने बाद होतात. आकडा लहान वाटेल, पण प्रत्येक बाद घातांकामागे आठवड्याभराची पीआरपी वाचते. रॅम भरपूर आणि प्रोसेसर मध्यम असेल तर कामाचा प्रकार फक्त पी वजा एक असाच निवडा.

पायरी पाचवी: चुका पकडणारी यंत्रणा आणि डिस्क

११ कोटी फेऱ्यांत रॅमचा एक बिट एकदा जरी उलटला तरी पुढचं सगळं उत्तर चुकतं. पूर्वीच्या लुकास-लेमर चाचणीत हे कळायला दुसऱ्या कुणीतरी तीच संख्या पूर्ण पुन्हा तपासावी लागे. आता पीआरपीमध्ये रॉबर्ट गर्बिट्झ यांची तपासणी आहे. ठरावीक अंतरावरच्या बाक्यांचा गुणाकार बाजूला ठेवला जातो आणि दर १० लाख फेऱ्यांनी तो जुळतो का ते पाहिलं जातं. जुळला नाही तर प्रोग्राम शेवटच्या खात्रीच्या जागेवर परत जातो. त्यासाठी जादा वेळ अर्ध्या टक्क्याहूनही कमी जातो. चूक झालीच तर माझ्या वेगाने जास्तीत जास्त दीड तास वाया जाणार, आठवडा जाणार नाही.

तरीही पडद्यावर गर्बिट्झची चूक वारंवार दिसायला लागली तर दुर्लक्ष करू नका. एप्रिलमध्ये नाशिकला पारा ४० च्या वर गेला तेव्हा माझ्याकडे तीन दिवसांत दोन चुका आल्या. रॅमचा वेग एक पायरी खाली आणला, पंख्यासमोरची जाळी साफ केली, त्या थांबल्या. म्हणूनच वर म्हटलं की रॅम ओढू नका. हा प्रोग्राम हार्डवेअरमधली खोट शोधण्यात किती पक्का आहे याची साक्ष इंटेलनेही दिली आहे. स्कायलेक प्रोसेसरमधला एक दोष जिम्प्सच्या लोकांनी पकडला आणि जानेवारी २०१६ मध्ये इंटेलने तो मान्य करून बायोसमधून दुरुस्ती दिली.

आता डिस्क. २०२० पासून पीआरपीसोबत काम बरोबर झाल्याचा पुरावाही तयार होतो. पुराव्याचा घात (प्रूफ पॉवर) ८ असेल तर वाटेत २^८, म्हणजे २५६ बाक्या डिस्कवर साठतात. ११ कोटींच्या घातांकाची एक बाकी सुमारे १४ एमबी, म्हणून एकूण साडेतीन जीबी. काम संपलं की त्यातून छोटी फाइल बनते, ती सर्व्हरवर जाते आणि बाकीची जागा मोकळी होते. जागा कमी दिली तर घात ७ होतो. डिस्क निम्मी लागते, पण पडताळणी करणाऱ्याचं काम दुप्पट होतं. साडेतीन जीबी आज कुणालाही जड नाही, रिसोर्स लिमिट्समध्येच ती मोकळ्या मनाने द्या. या पुराव्यामुळे दुसऱ्या माणसाची आठवडाभराची फेरतपासणी मूळ कामाच्या २५६ व्या भागावर आली, आणि माझ्या मते या प्रकल्पात गेल्या कित्येक वर्षांत झालेली ही सर्वांत मोठी बचत आहे.

वीज जाण्याचा प्रश्न आपल्याकडे असतोच. प्रोग्राम दर ३० मिनिटांनी काम डिस्कवर जपून ठेवतो. यूपीएस नसेल तर तो काळ १० मिनिटांवर आणा.

पायरी सहावी: विजेचं बिल

प्रोसेसर रॅमची वाट पाहत असेल, तर त्याला पूर्ण ताकदीने पळवून काय उपयोग? बायोसमधून मी प्रोसेसरची वॉटची मर्यादा खाली आणली. प्लगला लावलेल्या मीटरवर सगळं मशीन ११० वॉट घेत होतं, ते ८० वर आलं. फेरी ५.६ वरून फक्त ५.८ मिलिसेकंदांवर गेली. एका घातांकाचा हिशेब मांडून पाहा:

एक पट्टी, १०० वॉट, १३.२ दिवस: सुमारे ३२ युनिट.
दोन पट्ट्या, ११० वॉट, ७.१ दिवस: सुमारे १९ युनिट.
दोन पट्ट्या, मर्यादा लावून ८० वॉट, ७.४ दिवस: सुमारे १४ युनिट.

एकाच कामाला ३२ ऐवजी १४ युनिट. महिनाभर चालणाऱ्या मशीनला हा फरक बिलावर स्पष्ट दिसतो, आणि खोलीही कमी तापते. मर्यादा पाच-पाच वॉटनी खाली आणा, प्रत्येक वेळी फेरीचा वेळ पाहा, आणि वेळ झपाट्याने वाढायला लागला की एक पायरी वर या.

ग्राफिक्स कार्ड असेल तर

एनव्हिडियाच्या गेमिंग कार्डांत दुहेरी अचूकतेचं, म्हणजे ८ बाइटच्या दशांश आकड्यांचं गणित मुद्दाम फार हळू ठेवलेलं असतं, आणि पीआरपीला तेच लागतं. अशा कार्डाला एमफॅक्टसी हा प्रोग्राम देऊन ट्रायल फॅक्टरिंग करू द्या, त्यात ते प्रोसेसरला केव्हाच मागे टाकतं. एएमडीच्या कार्डांसाठी एमफॅक्टो आहे. पीआरपीसाठी मिहाई प्रेडा यांचा जीपीयू-आउल आणि त्यातून पुढे आलेला पीआरपीएलएल आहेत. २०१९ चं रेडिऑन ७ हे कार्ड या कामासाठी अजून लोक शोधत फिरतात. त्याची मेमरी सेकंदाला १ टीबी वेगाने चालते, म्हणजे माझ्या दोन पट्ट्यांच्या तेवीस-चोवीस पट.

सुरुवात कोणत्या कामाने करावी

पहिला महिना फेरतपासणीचं काम घ्या. घातांक लहान असतात, निकाल लवकर येतो, आणि उत्तर आधीच्या निकालाशी जुळलं की तुमचं मशीन विश्वासाचं आहे हे कळतं. न जुळणारे निकाल दोनदा आले तर पहिली शंका रॅमवर घ्या आणि रॅम तपासणारा मेमटेस्ट हा प्रोग्राम रात्रभर चालवा. सगळं जुळत गेलं की पहिल्यांदाच तपासायच्या संख्येची पीआरपी घ्या. दहा कोटी अंकांच्या संख्येवर इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं दीड लाख डॉलरचं बक्षीस आहे म्हणून एकदम ३३ कोटींच्या वरचा घातांक उचलू नका. तिथे ढीग तिप्पट आणि फेऱ्याही तिप्पट, म्हणजे काम नऊ पटींहून जास्त. माझ्या मशीनवर एका घातांकाला दोन महिने सहज लागतील.

निकाल पाठवण्याचं काम प्रोग्रामवर सोडलं तरी अधूनमधून आपल्या खात्यात जाऊन यादी पाहत जा. २^७,४२,०७,२८१ − १ मूळ असल्याचं सर्व्हरला १७ सप्टेंबर २०१५ लाच कळलं होतं, पण सूचना कुणापर्यंत पोचली नाही आणि ७ जानेवारी २०१६ ला देखभाल करताना ती नजरेस पडली.

मशीन विकणार असाल, गावी जाणार असाल किंवा कंटाळा आला असेल, तर प्रोग्राम नुसता काढून टाकू नका. हातातला घातांक पूर्ण करा, किंवा मेनूतून तो सर्व्हरला परत द्या. परत दिला नाही तर मुदत संपेपर्यंत तो तुमच्या नावावर अडकून राहतो आणि दुसऱ्या कुणाला मिळत नाही. काम ऐंशी-नव्वद टक्के झालं असेल तर फोल्डर जसंच्या तसं नव्या मशीनवर नकलून घ्या आणि तिथे प्रोग्राम चालू करा. तो थांबला होता तिथूनच पुढे जातो. जुन्या मशीनवर मात्र तेच फोल्डर पुन्हा चालू करू नका, नाहीतर दोन्हीकडे एकाच घातांकावर वीज जळेल.